प्रबंधाची वाट कोठें अडते ?

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत देवगांव फाटा म्हणून एक ठिकाण आहे. सेलूहून येणारा रस्ता येथें मोठ्या रस्त्यास मिळतो; एका अंगाला मंठा आणि जालना, तर दुसऱ्या अंगाला जिंतूर. चार दुकानें, चहाची टपरी आणि एस्. टी.ची वाट पाहणारीं माणसें, असें फाट्याचें नेहमींचें दृश्य. या माणसांत हल्लीं अधूनमधून एखादा तरुण किंवा एखादी तरुणी अशी असते, कीं जिच्या पिशवींत बाजारहाटाऐवजीं प्रश्नावल्या, टिपणांच्या वह्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयांतून आणलेलीं पुस्तकें असतात. शेजारच्यानें विचारपूस केली, तर उत्तर ठरलेलें असतें : "पीएच्. डी. चालू आहे." या "चालू आहे"मध्यें कधीं तीन वर्षें सामावलेलीं असतात, कधीं सात, आणि कधीं तर सारें उमेदीचें वय. शहरांतल्या सुशिक्षित घरांतही हे शब्द आतां अनोळखी राहिलेले नाहींत; आणि त्यांच्या पाठोपाठ येणारा प्रश्नही नाहीं, कीं प्रबंध पुरा होणार तरी केव्हां ?

गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचें स्वरूप पार पालटलें आहे. पूर्वीं प्रबंधास आरंभ करणें हीच मोठी अडचण होती. विद्यापीठ दूर, ग्रंथ दुर्मिळ, आणि मार्गदर्शक बोटांवर मोजण्याइतके. आतां आरंभ पुष्कळ सोपा झाला आहे; अवघड राहिला आहे तो मधला प्रवास. प्रबंध अडतो तो बहुधा बुद्धीच्या अभावीं अडत नाहीं. पैसा, वेळ आणि मार्गदर्शन या तीन दोरांपैकीं एखादा दोर मधल्या वर्षांत तुटतो, आणि प्रबंध जेथल्या तेथें थांबतो.

प्रथम आरंभाची गोष्ट पाहूं. निजामी राजवटींत परभणी जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठीं संस्थानाच्या राजधानीकडे पाहावें लागे. हैदराबादेचें उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें, आणि तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलानें सेलूच्या स्टेशनावर आगगाडींत बसावें, शेंकडों मैल दूर जावें, आणि परक्या भाषेंत उच्च विषय आत्मसात करावेत, अशी ती स्थिति होती. अशा स्थितींत प्रबंधापर्यंत पोहोंचणारे थोडे असावेत, यांत नवल तें काय ?

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, आणि नंतर एक एक दार उघडत गेलें. १९५० सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें महाविद्यालय सुरू झालें. त्याच वर्षीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारानें पीपल्स कॉलेज निघालें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. हेंच विद्यापीठ १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव धारण करून आहे. १९७२ सालीं खुद्द परभणीस कृषि विद्यापीठ आलें. १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि परभणी जिल्हा त्याच्या कक्षेंत गेला. एकेकाळीं ज्या पदवीसाठीं मुलूख ओलांडावा लागे, तिच्यासाठीं आतां फाट्यावरची एस्. टी. पुरते.

ग्रंथांचें अंतरही असेंच तुटलें. दुसऱ्या विद्यापीठांत आपल्या विषयावर कोणी काय लिहिलें आहे, हें समजण्यासाठीं पूर्वीं त्या गांवीं जाऊन कपाटांतली एकुलती एक टंकलिखित प्रत पाहावी लागे. २००९ च्या नियमांनीं विद्यापीठ अनुदान आयोगानें प्रबंधाची संगणकीय प्रत देणें बंधनकारक केलें, आणि गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या संस्थेनें "शोधगंगा" नांवाचें भांडार उभारलें. देशांतील लाखों प्रबंध आतां खेड्यांतल्या घरीं बसून वाचतां येतात.

असें असूनही प्रबंध अडतात. तें समजण्यासाठीं आरंभ आणि समाप्ति यांच्यामधल्या काळाकडे पाहावें लागतें, आणि त्या बाबतींत ज्यांचें नांव मराठवाड्याच्या विद्यापीठास दिलें आहे, त्यांचेंच उदाहरण सर्वांत बोधक आहे. भीमराव आंबेडकर १९१३ मध्यें बडोदें सरकारची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९१६ मध्यें त्यांनीं हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयींचा आपला प्रबंध तेथें सादर केला, आणि पुढील अभ्यासासाठीं लंडन गांठलें. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ मध्यें अभ्यास अर्धा टाकून त्यांना हिंदुस्थानांत परतावें लागलें. त्यांचें सामान ज्या दुसऱ्या बोटीनें यावयाचें होतें, ती बोट महायुद्धांत पाणतीरानें बुडाली, आणि ग्रंथसंग्रह समुद्रांत गेला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून त्यांनीं पैसे सांठविले; कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचें कर्ज यांची जोड मिळाली, तेव्हां १९२० मध्यें ते पुन्हां लंडनला जाऊं शकले. तेथें रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनीं एकदां फेरलेखनासाठीं परत केला. तो सुधारून त्यांनीं १९२३ मध्यें डी. एस्सी. मिळविली. इकडे कोलंबियाच्या नियमाप्रमाणें प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याखेरीज पदवी हातीं पडत नसे. तो ग्रंथ १९२५ मध्यें छापून निघाला, आणि पदवी रीतसर मिळाली ती १९२७ मध्यें. सादर केलेल्या प्रबंधास पदवीचें रूप येण्यास अकरा वर्षें लागलीं !

या अकरा वर्षांत बुद्धि कोठेंच कमी पडलेली नाहीं. अडथळे मोजले तर ते असे : शिष्यवृत्तीची मुदत, प्रवासाचा खर्च, गहाळ झालेलीं पुस्तकें, परीक्षकांच्या सूचना आणि छपाईचा नियम. आजच्या विद्यार्थ्याच्या वाटेंतही, नांवें बदलून, हेच अडथळे उभे असतात.

दुसरें उदाहरण एकाच घरांतल्या दोन बहिणींचें आहे. कमला भागवत, म्हणजे पुढें प्रसिद्ध झालेल्या डॉ. कमला सोहोनी, या १९३७ मध्यें केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्यें डॉक्टर झाल्या. वनस्पतींच्या पेशींत श्वसनाच्या कामीं येणारें सायटोक्रोम-सी हें द्रव्य असतें, हें दाखविणारा त्यांचा प्रबंध अवघा सुमारे ४० पानांचा होता. या वेगाचें कौतुक करतांना त्याच्या मागचीं वर्षें विसरूं नयेत. त्यापूर्वीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं संशोधनाचे धडे गिरविलेले होते. तेथें स्त्री म्हणून प्रवेश मिळविण्यासाठीं त्यांना १९३३ मध्यें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याशीं वाद घालावा लागला होता, आणि पहिलें वर्ष परीक्षेचें म्हणून काढावें लागलें होतें. केंब्रिजला पोहोंचल्या तेव्हां प्रयोगशाळेचें तंत्र त्यांच्या हाताखालचें झालेलें होतें.

त्यांच्या वडील बहीण दुर्गाबाई भागवत यांनीं आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास हातीं घेतला होता. त्यासाठीं रानावनांत हिंडतांना त्यांना विषबाधा झाली, आणि पुढचीं अनेक वर्षें आजारांत गेलीं. डॉक्टरेट राहून गेली ती गेलीच. पण त्याच दुर्गाबाईंनीं पुढें लोकसाहित्याचा पायाभूत अभ्यास मराठींत केला, "पैस" या ग्रंथासाठीं १९७१ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविला, आणि १९७५ मध्यें कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. प्रबंध राहिला म्हणजे बुद्धि हरली, असें समजणाऱ्यांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. एकीची वाट प्रयोगशाळेच्या आवारांतून जात होती, दुसरीची रानांतून. एकीच्या वाटेवर तंत्र आणि सोबत तयार होती, दुसरीच्या वाटेवर प्रकृतीनेंच दगा दिला.

आतां आंकड्यांकडे वळूं. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणें २०१४-१५ मध्यें पीएच्. डी. साठीं नोंदलेले विद्यार्थी सुमारे १ लाख १७ हजार होते. २०२१-२२ मध्यें ते सुमारे २ लाख १२ हजार झाले. त्यांत स्त्रियांची संख्या सुमारे ४८ हजारांवरून ९९ हजारांवर, म्हणजे दुपटीवर गेली. पदवी मिळविणाऱ्यांचा आंकडा २०१८ मध्यें ४० हजारांच्या किंचित् वर होता, तर २०१९ मध्यें सुमारे ३९ हजार. त्यानंतर साथीच्या काळांत ग्रंथालयें आणि प्रयोगशाळा बंद पडल्या, आणि आयोगास प्रबंधाच्या मुदती वाढवून द्याव्या लागल्या.

हे आंकडे वाचतांना एक चूक सहज होते. नोंदलेले दोन लाख आणि पदवीधर चाळीस हजार, म्हणजे पांचांतला एकच यशस्वी, असा हिशेब कोणी मांडतो. तो हिशेब बरोबर नाहीं. प्रत्येक विद्यार्थी बरोबर पांच वर्षांत पुरा होऊं लागला आणि दरसाल सारखेच विद्यार्थी येऊं लागले, तरी नोंदवहींत असलेल्यांपैकीं एक पंचमांशच दरवर्षीं बाहेर पडतील. त्यांतून प्रवेश वाढत असले, तर पदव्या कांहीं वर्षें मागेंच राहणार. ओढ्याला वर पूर आला तरी खालच्या बंधाऱ्यावर पाणी पोहोंचण्यास वेळ लागतो, तसेंच हें आहे. खरें चित्र पाहावयाचें तर एका वर्षीं नोंदलेल्या विद्यार्थ्यांचा गट धरून, त्याच्या मागें दहा वर्षें जावें लागतें.

अमेरिकेंत असा पाठपुरावा झाला आहे. तेथील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेनें २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें, कीं दहा वर्षांच्या अखेरीस शेंकडा सुमारे ५७ विद्यार्थ्यांनींच पदवी मिळविली होती. अभियांत्रिकींत हें प्रमाण शेंकडा ६४ होतें, तर भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान अशा मानव्यविद्यांत शेंकडा ४९. म्हणजे संपन्न देशांत, सुसज्ज ग्रंथालयांच्या सावलींतही, मानव्यविद्यांतले निम्मे विद्यार्थी दहा वर्षांत पैलतीरीं पोहोंचत नाहींत. तेव्हां हा दोष एखाद्या प्रांताचा किंवा एखाद्या पिढीच्या आळसाचा नव्हे.

विषयाविषयांत हा फरक कां पडावा ? प्रयोगशाळेंत काम करणारा विद्यार्थी रोज आपल्या मार्गदर्शकाच्या नजरेखालीं असतो. त्याचें काम लहान लहान प्रयोगांत वांटलेलें असतें. एक प्रयोग फसला तर आठवड्याच्या आंत तें कळतें. सोबतीला वरच्या वर्षाचे विद्यार्थी असतात, आणि उपकरणांचा खर्च प्रकल्पांतून निघतो. उलट, देवगांव फाट्याहून जिंतूरच्या वाटेनें चारठाण्यास जाऊन तेथल्या जुन्या देवळांवर प्रबंध लिहावयाचा कोणी ठरविला, तर तो एकटा असतो. देवळें मोजणें, चित्रें घेणें, म्हाताऱ्या माणसांशीं बोलणें, हा भाग उत्साहानें पार पडतो. मग वह्या भरतात, आणि लिहिण्याची वेळ येते. येथेंच गाडी थांबते. आणखी एक संदर्भ पाहूं, आणखी एक गांव हिंडूं, असें म्हणतां म्हणतां वर्ष सरतें. सामग्री वाढते, आणि पहिलें प्रकरण कोरेंच राहतें.

याच सुमारास पैशाचा दोर ताणूं लागतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेंतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ति पांच वर्षांपुरती असते. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७ हजार आणि पुढें ४२ हजार रुपये झाली आहे. महाराष्ट्रांत बार्टी, सारथी आणि महाज्योति या संस्थाही शिष्यवृत्त्या देतात. पण प्रबंधाची मुदत सहा वर्षांची, आणि शिष्यवृत्ति पांचांची. शेवटचें वर्ष, म्हणजे नेमकें लिहिण्याचें वर्ष, बिनपैशाचें जातें. ज्याला शिष्यवृत्तिच नाहीं, तो तासिकेवर शिकवितो, किंवा शेतीच्या हंगामांत घरीं राबतो, आणि उरलेल्या वेळांत लिहितो. विवाहित स्त्रीचा तर वेळ आधींच इतरांच्या नांवें लिहिलेला असतो.

नियम करणाऱ्यांना हें दिसलेलें आहे, आणि नियमांचा इतिहास तेंच सांगतो. २००९ मध्यें प्रवेशपरीक्षा आणि आरंभींचा अभ्यासक्रम आला. २०१६ मध्यें किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत ठरली. स्त्रियांना आणि विशेष अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षें अधिक, आणि प्रसूति व बालसंगोपन यांसाठीं २४० दिवसांपर्यंत रजा देण्यांत आली. मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत, यालाही मर्यादा पडली : प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार. २०२२ च्या नियमांनीं पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षें मिळण्याची सोय केली. त्याच नियमांनीं एम्. फिल्. ही पदवी बंद केली. या पदवीचा लहान प्रबंध म्हणजे मोठ्या प्रबंधाची रंगीत तालीम असे. ती तालीम आतां एम्. ए. किंवा एम्. एस्सी. च्या संशोधन प्रकल्पांतच करून घ्यावी लागते.

मुदतींचा बडगा मात्र दुधारी आहे. पदवी ही बढतीची पायरी झाली, आणि अंगावर तारीख आली, म्हणजे कांहीं जण दुसऱ्याचें लिखाण आपल्या वहींत उतरवूं लागतात. त्यासाठीं आयोगास २०१८ मध्यें वाङ्मयचौर्याविरुद्ध स्वतंत्र नियम करावे लागले. प्रबंधांतील दहा टक्क्यांपलीकडचें साम्य आतां दोषास्पद ठरतें. लवकर पुरा झालेला प्रबंध चांगलाच असतो असें नाहीं, आणि रेंगाळलेला प्रबंध सखोल असतो असेंही नाहीं. समाजाला हवा आहे तो पुरा झालेला आणि प्रामाणिक प्रबंध.

तो कसा हातीं येईल ? नियमांतच एक साधी वाट सांगितलेली आहे, पण तिचें महत्त्व फार थोड्यांना कळतें. संशोधकानें सल्लागार समितीपुढें ठराविक काळानें उभें राहून, काय झालें आणि काय उरलें तें सांगावयाचें असतें. ही भेट कागदोपत्रीं उरकली, तर ती निरुपयोगी. पण समितीनें दर खेपेस लिहिलेलीं वीस पानें मागितलीं, तर लिहिणें शेवटच्या वर्षावर ढकललें जात नाहीं. टिपणें काढीत असतांनाच लिहीत जावें, कच्चें कां होईना पण प्रकरण मार्गदर्शकाच्या हातीं ठेवावें, आणि त्यानें तें महिनोन्महिने कपाटांत न ठेवतां परत करावें, एवढ्यानें मधला टप्पा निम्मा सोपा होतो. शिष्यवृत्ति देणाऱ्यांनीं हप्ता वेळेवर द्यावा, आणि शेवटच्या वर्षासाठीं लेखनाची वेगळी तरतूद ठेवावी, हें त्याच हिशेबांतलें दुसरें काम.

घरच्या माणसांचाही यांत वांटा आहे. "केव्हां संपणार ?" हा प्रश्न संशोधकाला रोज टोंचतो; त्याच्याजवळ त्याचें उत्तर नसतें, म्हणून तो "चालू आहे" असें म्हणून सुटका करून घेतो. त्याऐवजीं, "या महिन्यांत कोणतें प्रकरण झालें ?" असें विचारावें. या प्रश्नाला उत्तर देतां येतें, आणि उत्तर द्यावयाचें असलें म्हणजे लिहावेंही लागतें. घरांतली सून किंवा मुलगी लिहीत असेल, तर तिला सकाळचे दोन तास कोणाच्याही हांकेवांचून मिळतील, अशी व्यवस्था करणें ही तर शिष्यवृत्तीच्या तोडीची मदत होय.

देवगांव फाट्यापर्यंत रस्ता आला, विद्यापीठ जवळ आलें, आणि ग्रंथही हाताशीं आले. इतकें अंतर तोडण्यास शंभर वर्षें लागलीं. आतां उरलें आहे तें अंतर टिपणांच्या वह्यांपासून लिहिलेल्या प्रकरणापर्यंतचें. दिसावयास तें अगदीं थोडें आहे. पण पैसा, वेळ आणि मार्गदर्शन यांची सोबत नसेल, तर आजही पुष्कळांना तेंच पार करवत नाहीं.